एकसारख्या दिसणाऱ्या रानमाश्या कशा ओळखायच्या: आधी घर पाहा, मग डीएनए (नागपूरकर नवशिक्यांसाठी)

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कूलर साफ करायला काढला होता, ताट्या बदलायच्या होत्या, नागपुरात हे दरवर्षीचंच काम. स्टँडच्या पोकळ पाईपात हिरवं काहीतरी ठासून भरलेलं दिसलं, मला वाटलं आमच्या पोट्ट्याचा उद्योग, म्हणून सळईनं उकरलं तर विडीसारखी गुंडाळलेली पानांची नळी बाहेर आली, एकामागे एक चिकटलेल्या पाच विड्या, आणि त्यातली एक हातात फुटली तेव्हा आत पिवळाधम्मक ओलसर परागाचा गोळा अन् त्याच्यावर आडवी पडलेली पांढरी अळी. शेजारच्या काकू गॅलरीतून पाहून राहिल्या होत्या, म्हणे, "काहून मोडलं बाप्पा ते? ती माशी आठ दिवसांपासून माझ्या गुलाबाची पानं कापून तिकडेच नेऊन राहिली होती."

काकूंना माशीचं नाव माहीत नव्हतं. पण ती कोणतं झाड कापते, ऊन कुठवर आलं की येते, कोणत्या भोकात शिरते, हे सगळं पाठ होतं. मी नंतर डीएनएच्या नादी लागलो, पैसे घातले, चुका केल्या, आणि आता म्हणतो की ओळखीचं निम्मं काम काकूंनी फुकटात करून ठेवलं होतं. हा लेख त्यासाठीच आहे, कारण नवीन मंडळी थेट "टेस्ट कुठे करून मिळेल" इथून सुरू करतात.

आधी थोडं डोक्यात बसवून घ्या

मधमाशी म्हटलं की आपल्याला मोहोळच दिसतं. जगात मधमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांच्या २०,००० च्या वर जाती आहेत, त्यात मध साठवणाऱ्या एपिस कुळातल्या जेमतेम दहाबारा. बाकीच्यांपैकी बहुतेक एकट्या राहतात, म्हणजे एक मादी, तिचं एक भोक, त्यात तिनं रचलेल्या खोल्या, प्रत्येक खोलीत परागाचा डबा भरून एक अंडं, की दार बंद. राणी नाही, कामकरी नाहीत, आणि त्या सहसा चावतही नाहीत कारण राखायला मधाचा साठा नाही.

आता यातल्या जवळच्या जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की फोटोवरून नाव सांगणारा माणूस एक तर फार मोठा तज्ज्ञ असतो नाहीतर फार मोठा फेकू. युरोपात पांढऱ्या शेपटीच्या भुंगमाश्या आहेत, बॉम्बस ल्युकोरम, क्रिप्टारम आणि मॅग्नस. यांच्या कामकरी माश्या रानात डोळ्यांनी खात्रीनं वेगळ्या काढता येत नाहीत, डीएनए लागतोच. उलट ऑस्ट्रेलियात डंख नसलेल्या दोन माश्या आहेत, टेट्रागोन्युला कार्बोनारिया आणि टेट्रागोन्युला हॉकिंग्सी. माश्या हातात घेतल्या तर फरक कळत नाही, पण पेटी उघडली की एकीच्या पिल्लांच्या खोल्या गोल जिन्यासारख्या सपाट थरांत चढत जातात आणि दुसरीच्या सुट्या गुच्छांच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. तिथे घरच ओळखपत्र आहे. कधी घर सांगतं, कधी डीएनए, आणि बऱ्याचदा दोघांना समोरासमोर बसवावं लागतं.

पायरी १: कोणाच्या वाटेला जायचं नाही

आग्या मोहोळ. पाण्याच्या टाक्या, उंच बिल्डिंगा, जुने पिंपळ, जिथे एकच मोठं काळं पोळं उघड्यावर लटकतं ते. तिथे शिडी लावू नका, दगड नको, धूर नको, हौस नको. या माशीची ओळख पटवायला डीएनएची गरजही नाही. तरी नमुना पाहिजेच असेल तर एक फुकटची युक्ती: आग्या माश्या रात्री लाईटकडे येतात, सकाळी जिन्यातल्या ट्यूबलाईटखाली दोनचार मेलेल्या सापडतात. त्याच सकाळी उचला. दुपारपर्यंत मुंग्या नेतात आणि उरलेल्याची आपल्या उन्हात वाट लागते.

पायरी २: कधी आणि कुठे बघायचं

नागपुरात दोन चांगले हंगाम. पाऊस सरल्यावर सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, तूर फुलावर येते तेव्हा तर धुऱ्यावर उभं राहिलं तरी पानकापी माशी आणि सुतारभुंगे दिसतात. दुसरा फेब्रुवारी-मार्च, पळस फुलतो तो काळ. मे महिन्यात बघायचंच असेल तर सकाळी साडेसहा ते नऊ, त्यानंतर माशीही येत नाही आणि तुम्हीही येऊ नका.

जागा शोधायला गोरेवाड्यापर्यंत जायची गरज नाही. तुमच्या घराभोवतीच्या या गोष्टी बघा: खिडकीच्या अॅल्युमिनियम ट्रॅकमधली पाणी जायची भोकं, दाराच्या कडीचं भोक, भिंतीत ड्रिल मारून सोडून दिलेली भोकं, मांडवाचे जुने बांबू, गुलाबाच्या छाटलेल्या फांद्यांची वाळकी टोकं, कुंपणातली रायमुनिया (घाणेरी हो, तीच), आणि पायवाटेची घट्ट मोकळी जमीन. गावी घर असेल तर पांढऱ्या मातीची जुनी भिंत किंवा गढी, ती म्हणजे माश्यांची कॉलनीच समजा. काळ्या मातीत मात्र उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात फुगून बंद होतात, त्यामुळे जमिनीतली भोकं बांधावर, मुरमाच्या उतारावर, वाटेच्या कडेला जास्त सापडतात, भर वावरात कमी. हे माझं आपलं फिरून फिरून झालेलं मत.

सेमिनरी हिल्स, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, गोरेवाडा इथे बघायला खुशाल जा, पण तिथून काही उचलायचं नाही. त्याबद्दल पुढे येतोच.

पायरी ३: घरावरून कुळ ओळखा

इथे वेळ घाला. जात कळणार नाही, पण कुळ, म्हणजे ज्याला जीनस म्हणतात ते, बऱ्याचदा घरावरूनच कळतं.

पानकापी माशी, मेगाकाईल. गुलाब, बोगनवेल, तूर यांच्या पानांच्या कडेला कंपासनं कापल्यासारखे अर्धगोल दिसले की ती जवळच आहे. नीट बघितलं तर दोन मापं असतात, लांबट तुकडे खोलीच्या भिंतीला आणि अगदी गोल तुकडे झाकणाला. झाकणाचे तीनचार एकावर एक. सगळ्यात आतल्या खोल्यांत सहसा मादीची अंडी असतात आणि दाराजवळच्या खोल्यांत नराची, नर आधी बाहेर पडतात म्हणून ही सोय. पण याच मेगाकाईल कुळात पानं न कापणाऱ्याही आहेत, त्या डिंक, राळ किंवा चिखलानं खोल्या पाडतात. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या भोकाला पानाचं बूच की राळेचं की मातीचं, हे लिहून ठेवा. कोरडं मातीचं बूच असेल तर ती माशी नसून कुंभारीण किंवा तिच्या जातवाल्या गांधीलमाशीचंही असू शकतं. आत पराग निघाला तर माशी, बेशुद्ध अळ्या नाहीतर कोळी निघाले तर गांधील. हा नियम सोपा आहे आणि क्वचितच फसवतो.

सुतारभुंगे, झायलोकोपा. बांबू, वाळकं लाकूड, पाईपाएवढं गोल गुळगुळीत भोक आणि खाली भुसा. यांच्यात नवशिक्या हमखास फसतो, कारण काही जातींत मादी काळी आणि पाठीवर पिवळी लव, तर नर अख्खा सोनेरी. दोन जाती म्हणून मी पण लिहिल्या होत्या वहीत, निघालं नवराबायको.

सेराटिना, म्हणजे मुंगीपेक्षा जरा मोठ्या, चकाकत्या हिरव्या-निळ्या किंवा काळ्या. गुलाबाच्या छाटलेल्या फांदीचा मऊ गाभा कोरून आत शिरतात. भोक दोनतीन मिलीमीटरचं, त्यामुळे फांदीचं टोक समोरून बघावं लागतं. आत कसलंही अस्तर नाही, गाभ्याचाच भुसा दाबून पडदे केलेले. एकाच कुंपणात एकसारख्या दिसणाऱ्या दोनतीन जाती राहू शकतात. डीएनएची खरी मजा इथे आहे.

निळ्या पट्ट्यांची अमेजिला. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलाला लटकून झुंईईई करते ती, त्या कंपनानं पराग झडतो. मादी मातीच्या भिंतीत किंवा जमिनीत बोगदा करते आणि खोलीला आतून मेणचट लेप देते. नर संध्याकाळी एखाद्या वाळक्या काडीला जबड्यानं धरून रांगेत झोपतात, टॉर्च मारून बघा एकदा, पण हलवू नका. निळ्या पट्टेवाल्यांत जवळच्या जाती अनेक आहेत आणि जुन्या पुस्तकांत सगळ्यांना सरसकट "झोनाटा" म्हटलेलं असतं, ते जसंच्या तसं उचलू नका.

घामाच्या माश्या म्हणजे हॅलिक्टिड बहुतेक जमिनीतच. पेन्सिलीच्या शिसाएवढं भोक, भोवती बारीक मातीचं वर्तुळ, मुंग्यांचं बीळ वाटतं. पाच मिनिटं बसलं की भोकात एक तोंड येऊन अडतं, तेच दार.

आणि डंख नसलेली पोयाची माशी, टेट्रागोन्युला. जुन्या भिंतीत, मीटरच्या डब्यात, झाडाच्या ढोलीत, बाहेर राळेची नळी काढलेली. नळीच्या आकारावरून जात सांगणारे भेटतील. ऐकून घ्या आणि सोडून द्या, कारण तीच नळी वसाहत किती जुनी, भोक कसं, जवळ कोणता डिंक मिळतो यावर लांब, आखूड, रुंद, कशीही होते. माझ्याच गल्लीत एका नळीचा एका पावसात पार नकाशा बदलला.

पायरी ४: बांबूच्या नळ्या लावा

घर मोडून बघायचं नसेल तर घर आपणच द्यायचं. बुरडाकडून पातळ बांबू आणा, १५ सेंटीमीटरचे तुकडे असे कापा की एका बाजूला गाठ राहील, म्हणजे मागची बाजू आपोआप बंद. आतला व्यास ३ ते १० मिलीमीटर, सगळ्या मापांचे मिसळून. एका बाजूनं सँडपेपर मारा, नाहीतर कुसं लागून पंख फाटतात. तीसेक नळ्यांची जुडी करून छातीएवढ्या उंचीवर, तोंड पूर्वेला, वर पत्र्याचा नाहीतर कौलाचा तुकडा. मुंग्यांसाठी टांगायच्या तारेला ग्रीस.

इंटरनेटवर जे सुंदर "बी हॉटेल" दिसतात ते युरोप-अमेरिकेतल्या ऑस्मिया माशीच्या हिशोबानं, थंड हवेच्या हिशोबानं केलेले असतात, त्यात सांगतात भरपूर ऊन येईल अशी जागा निवडा. नागपुरात तसं कराल तर मे महिन्यात अळ्या शिजतील. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दहानंतर सावलीच पाहिजे.

प्रत्येक नळीवर नंबर टाका, पेन्सिलनं. बूच लागलेलं दिसलं की तारीख लिहा. मग ती नळी एका टोकाला पारदर्शक प्लास्टिकची बाटली किंवा मलमलची पिशवी बांधून ठेवा, बाहेर निघेल ती त्यात अडकेल. हे फार महत्त्वाचं आहे, कारण घरातून जी बाहेर निघते ती घर बांधणारीच असेल असं नाही. मेगाकाईलच्या घरात कोएलिओक्सिस नावाची आयतोबा माशी अंडं टाकून जाते, तिची अळी मालकिणीचं अंडं संपवते आणि परागाचा डबा खाते. अमेजिलाच्या घरात तसंच थायरियस करते, काळ्या अंगावर निळे ठिपके, फार देखणी चोर. म्हणून खोलीतल्या अळीचा डीएनए काढला आणि वेगळंच नाव आलं तर लॅबला शिव्या देण्याआधी हे आठवा.

पायरी ५: वही

मोबाईलच्या फोटोत तारीख-जागा येते हे खरं, पण फोटोला हे कळत नाही: भोकाचा व्यास (व्हर्नियर कॅलिपर घ्या, साधं चालतं), जमिनीपासून उंची, तोंडाची दिशा, बूच कशाचं, खोल्या किती, पान कोणत्या झाडाचं, माशी किती वाजता आली-गेली, पराग पायावर आणला की पोटाखाली. मेगाकाईल पराग पोटाखालच्या केसांत आणते, बाकी बऱ्याच जणी पायावर, तेवढ्या एका नोंदीनं अर्धे पर्याय कटतात. फोटोत मापासाठी आलेखाच्या कागदाचा तुकडा ठेवा.

प्रत्येक घराला एक कोड द्या. आमच्या वहीत "कूलर-१", "गुलाब-२", "काकूंची कडी" असे कोड आहेत आणि अजूनपर्यंत एकही गोंधळ झाला नाही, त्याउलट आधी आकड्यांचे कोड ठेवले होते तर ७ की १ यावरून भांडणं.

पायरी ६: परवानगी, मग नमुना

स्वतःच्या अंगणातली मेलेली माशी उचलणं वेगळं आणि जंगलातून पकडणं वेगळं. वनविभागाची जागा असेल तर लेखी परवानगीशिवाय जाळी काढू नका, पेंचसारख्या संरक्षित जंगलात तर विचारही नको. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, शंका असेल तर जाऊन विचारा. परदेशातल्या लॅबला नमुना पोस्टानं पाठवणं म्हणजे २००२ च्या जैवविविधता कायद्यात येणारी गोष्ट, त्याला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. "एक पायच तर आहे" असं म्हणून चालत नाही. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे एखाद्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागासोबत काम करणं, अल्कोहोल पण तिथेच नीट मिळतं.

आता नमुना. किती? कमीत कमी. आणि हे लक्षात ठेवा की एका घरातल्या सगळ्या पिल्लांची आई सहसा एकच, आणि बारकोडसाठी (म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा वाचून जात ओळखायला) वापरतात तो मायटोकॉन्ड्रियाचा, पेशीतल्या ऊर्जाघराचा, डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे पोयाच्या एका वसाहतीतून दहा माश्या घेतल्या तरी तुमच्याकडे दहा नमुने नाहीत, एकच आहे. मी सुरुवातीला एकाच भिंतीतून बारा घेतल्या होत्या आणि बाराही सिक्वेन्स (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) सारखे आले म्हणून खूश झालो होतो. भाची एमएस्सीला आहे, ती अर्धा तास हसली.

माशी पूर्ण ९५ टक्के किंवा त्याहून कडक इथेनॉलमध्ये टाका, छोटी स्क्रूवाली बाटली, आणि घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. फॉर्मालिन अजिबात नाही, डीएनए बिघडतो. सॅनिटायझरही नाही, त्यात पाणी आणि इतर भानगडी असतात. मेडिकलमधला निळा स्पिरिट मी वापरून बघितला आहे, चौदा बाटल्या, त्यातल्या अकरांमधून काहीही निघालं नाही. वर लेबल बॉलपेननं लिहिलेलं, अल्कोहोलमध्ये शाई विरघळली आणि चौदाच्या चौदा बाटल्यांत कोऱ्या चिठ्ठ्या पोहत होत्या. लेबल पेन्सिलनं, जाड कागदावर, बाटलीच्या आत.

डीएनएसाठी एक पाय पुरतो, मधला उजवा काढायची पद्धत आहे कारण ओळखीसाठी लागणारे अवयव बाकी शाबूत राहतात. उरलेली माशी पिनवर टोचून त्याच कोडसकट जपून ठेवायची. याला व्हाउचर म्हणतात आणि याच्याशिवाय तुमच्या सिक्वेन्सला काही किंमत नाही, कारण उद्या कोणी म्हटलं नाव चुकलं तर दाखवायला माशी पाहिजे. शेवटी ती चांगल्या संग्रहालयात द्या, पुण्यात झेडएसआयचं, म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं, प्रादेशिक केंद्र आहे, बेंगळुरूला कीटकांसाठी एनबीएआयआर ही राष्ट्रीय संस्था आहे.

शक्य असेल तर नर पण मिळवा. दोन कारणं. पोयाच्या माशीत आणि इतर बऱ्याच गटांत जात ठरवायला नराचे जननांग बघतात. आणि माश्यांत नर बिनफळलेल्या अंड्यातून होतो, त्याच्याकडे प्रत्येक जीनची एकच प्रत असते, त्यामुळे पेशीच्या केंद्रातल्या डीएनएचा सिक्वेन्स करायचा झाला तर नराचा निकाल स्वच्छ येतो, दोन प्रतींची सरमिसळ नसते.

पायरी ७: लॅबमध्ये काय होतं

तुम्ही स्वतः करणार नसाल तरी माहीत पाहिजे, नाहीतर रिपोर्ट वाचता येत नाही. पाय कुटून डीएनए वेगळा करतात. मग सीओआय नावाच्या मायटोकॉन्ड्रियल जीनचा एक ठरलेला ६५८ अक्षरांचा तुकडा पीसीआरनं वाढवतात, म्हणजे त्याच्या ढीगभर प्रती काढतात. प्राण्यांसाठी हा बारकोड म्हणून २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी मांडला. त्यासाठीचे मूळ प्रायमर (प्रत कुठून काढायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) १९९४ चे, सगळ्या अपृष्ठवंशीयांसाठी केलेले, माश्यांवर ते कधीकधी रुसतात. तेव्हा फुलपाखरांसाठी बनवलेली प्रायमरची जोडी वापरून बघायला सांगा, माश्यांवर ती बऱ्याचदा चालते. जेलवर (त्यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) ७०० अक्षरांच्या जवळ एकच ठळक पट्टी दिसली की सिक्वेन्सिंगला द्यायचं, आणि दोन्ही बाजूंनी द्यायचं, पैसे वाचवायला एकच बाजू करू नका. माश्यांच्या मायटोकॉन्ड्रियात ए आणि टी ही दोनच अक्षरं खच्चून भरलेली असतात, युरोपियन मधमाशीत तर ८५ टक्क्यांच्या आसपास, अशा सलग ए-ए-ए-टी-टी-टी पुढे मशीन घसरतं. दुसऱ्या बाजूचा सिक्वेन्स तिथे सावरतो.

पायरी ८: रिपोर्ट वाचताना

इथेच सगळ्यात जास्त गाढवपणा होतो, म्हणून जरा सावकाश.

लॅबनं नुसतं नाव पाठवलं तर समाधान मानू नका, मूळ क्रोमॅटोग्राम मागा, म्हणजे ते चार रंगांच्या डोंगरांचं चित्र. एकाच जागी दोन डोंगर दिसत असतील तर काहीतरी गडबड आहे. एक तर दुसऱ्या प्राण्याचा डीएनए मिसळला, किंवा न्युमट. न्युमट म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या जीनची जुनी, बिघडलेली प्रत जी केंद्रातल्या डीएनएत जाऊन बसलेली असते, आणि पीसीआर खरी सोडून तिलाच वाढवतं. पकडायची युक्ती: सिक्वेन्सचं प्रथिनात भाषांतर करून बघा. मध्येच "स्टॉप" आला तर ती बहुधा न्युमट. पण भाषांतर करताना सॉफ्टवेअरमध्ये अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा कोड निवडा, तक्ता क्रमांक ५. साध्या कोडमध्ये टीजीए म्हणजे स्टॉप, इथे ते ट्रिप्टोफॅन. आणि पूर्ण ६५८ चा तुकडा असेल तर वाचन दुसऱ्या अक्षरापासून सुरू होतं. मी पहिल्यांदा चुकीच्या कोडवर वाचून चांगले सिक्वेन्स कचऱ्यात टाकले होते.

मग जेनबँक आणि बोल्ड या डेटाबेसवर जुळवून बघायचं. ९९ टक्के जुळलं आणि नाव आलं म्हणजे झालं का? नाही. डेटाबेसमध्ये नाव कोणीतरी माणसानंच टाकलेलं असतं. माझ्या एका पानकापी माशीला जे नाव आलं होतं ती नोंद करणाऱ्यानं घराचा, फोटोचा, व्हाउचरचा पत्ताच दिला नव्हता, आणि त्याच नावाची दुसरी नोंद माझ्या माशीपासून कितीतरी लांब होती. दोनपैकी एक चूक. कोणती, ते डीएनए सांगू शकत नाही.

एकदा तर निकाल आला वोल्बाकिया. हा कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू, त्याचा जीनही त्याच प्रायमरनं वाढू शकतो. माशी पाठवली, जिवाणू परत आला. आणि हाच वोल्बाकिया आईकडून पिल्लांत जाताना सोबत आईचा मायटोकॉन्ड्रिया पसरवत नेतो, त्यामुळे कधी दोन वेगळ्या जातींचा बारकोड एकसारखा दिसतो तर कधी एकाच जातीत दोन गट पडतात. "२ टक्क्यांच्या वर फरक म्हणजे वेगळी जात" हा नियम म्हणूनच अंदाजासाठी ठीक, निकालासाठी नाही. शंका राहिली तर केंद्रातला एखादा जीन बघा. मायटोकॉन्ड्रियाला बापाची बाजू माहीतच नसते, संकर झाला असेल तर तो एकटा कधीच सांगणार नाही.

२०२२ मध्ये केरळच्या संशोधकांनी पश्चिम घाटातून एपिस करिंजोडियन नावाची काळी मधमाशी वेगळी जात म्हणून मांडली तेव्हाही एकट्या डीएनएवर भागवलं नाही, पंखांच्या शिरांची मापं आणि मायटोकॉन्ड्रियल डीएनए दोन्ही ठेवले. घरगुती पातळीवरही तोच हिशोब धरा: घर, अंग, डीएनए. तिन्ही एका बाजूला गेले तर नाव लिहा. दोन इकडे एक तिकडे गेला तर नाव लिहू नका, "मेगाकाईल, कूलर-१" एवढंच लिहा. आमच्या वहीत निम्म्याच्या वर नोंदी अशाच आहेत.

सध्या अडकलेलं काम सांगतो. काकूंच्या एकाच गुलाबावर, दोन शेजारच्या छाटलेल्या फांद्यांत, दोन हिरव्या सेराटिना. दिसायला सारख्या, भिंगाखालीही आम्हाला सारख्या. एकीनं फांदीच्या तोंडापर्यंत खोल्या भरल्या, दुसरीनं वरचा बराच भाग रिकामा सोडला. पहिलीचा सिक्वेन्स डेटाबेसशी छान जुळला, दुसरीचा कोणाशीच नीट जुळला नाही, दोन्ही बाजूंनी परत करून बघितला, स्टॉप नाही, दुहेरी डोंगर नाही. भाची म्हणते नर सापडल्याशिवाय कोणाला दाखवायचं नाही. काकूंना सांगून ठेवलंय की गुलाब छाटला तर छाटा पण काड्या टाकू नका, तेव्हापासून त्यांच्या गॅलरीत एका जुन्या तेलाच्या डब्यात वाळक्या काड्यांचा भारा उभा आहे आणि प्रत्येक काडीला दोऱ्यानं तारीख बांधलेली आहे, अर्थात पेन्सिलनं लिहिलेली.